डाव्या हाताला स्वर

सीताराम तायडेच्या हातून टाइप झालेल्या मजकुरात चूक सापडत नाही, अशी घाटकोपरच्या पंतनगरात ख्याती होती, आणि ती ख्याती सीतारामला स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती. बुलढाण्याकडून ऐन विशीत मुंबईला आलेला हा माणूस आधी दुसऱ्याच्या डीटीपी सेंटरमध्ये बसला, मग बाजारपेठेच्या कडेला स्वतःचा गाळा घेऊन त्याने दोन कॉम्प्युटर टाकले. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, विहाराच्या स्मरणिका, कोकणातल्या मंडळांची हँडबिलं, सगळं त्याच्याकडे यायचं. समोर बसून गिऱ्हाईक बोलत राहायचं आणि त्याचं वाक्य संपायच्या आत ते पडद्यावर उमटलेलं असायचं. "तायडे, तुमच्या बोटांना डोळे आहेत," असं कोणी म्हटलं की सीताराम मान खाली घालून हसायचा. ते वाक्य त्याला आवडायचं.

त्याची मुलगी मनाली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मराठी घेऊन. चौथीत असताना तिच्या डोळ्यांचा पडदा निकामी होत गेला आणि सातवीपर्यंत दिसायचं पूर्ण थांबलं. शाळेत ब्रेलची पुस्तकं मिळाली. कॉलेजात मात्र ब्रेलचं नाव नाही. मग आई, म्हणजे मालन, तिला वाचून दाखवायची. मालन एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर बोलून घरी आल्यावर पुन्हा समीक्षेची पुस्तकं मोठ्याने वाचायची म्हणजे तिचा घसा बसायचा. फोटोवरून वाचणारं ॲप मनालीच्या फोनमध्ये होतं. नव्या छपाईत ते बरं चालायचं, पण जुन्या पुस्तकाचं पान दाखवलं की त्यात 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' होऊन वाट लागायची.

एका रविवारी मनाली म्हणाली, "पप्पा, आमच्या कॉलेजातल्या गंधाली मॅडमची ती साहित्यविचाराची पुस्तिका आपल्याच दुकानात टाइप झालीय ना?"

"आपल्याच. एक चूक दाखव म्हणावं त्यातली."

"मग तिची फाइल द्या ना मला. मम्मीला त्रास नको. माझा लॅपटॉप वाचेल."

सीताराम तेव्हाच उठून दुकानात गेला आणि पेन ड्राइव्ह घेऊन आला. आपण टाइप केलेलं पुस्तक आपली मुलगी ऐकणार, हे इतकी वर्षं सुचलं कसं नाही, असं त्याला वाटत होतं. मालनही हातातलं काम सोडून येऊन बसली. मनालीने इअरफोन काढून आवाज मोठा केला आणि फाइल उघडली.

लॅपटॉपमधली बाई घडाघडा बोलायला लागली. "जी, पी, डॅश, के, कंस, टी, टी, स्वल्पविराम, डब्ल्यू…"

मालनला आधी हसू आलं. सीतारामलाही वाटलं, चुकीची फाइल लागली. त्याने वाकून पडद्यावर पाहिलं. तिथेही तीच आगगाडी, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची. दुसरी फाइल लावली, विहाराची स्मरणिका. तीच गत. तिसरी लावली. मग मनालीने आवाज बंद केला.

"पप्पा, तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करता ना," ती जपून बोलायला लागली. "त्यात आत सगळं इंग्रजीच असतं. वरून फक्त त्याला मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं. डोळ्यांना तो 'क' दिसतो. मशीनला तो 'क' आहे हे माहीतच नसतं. युनिकोडमध्ये असतं तर वाचलं असतं."

युनिकोड हा शब्द सीतारामने ऐकलेला होता. हल्ली पोरं फोनवर मराठी लिहितात ते, असं त्याच्या डोक्यात होतं. पत्रिकेला त्याचा काय उपयोग, म्हणून त्याने त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. आयुष्यभर आपण मराठी टाइप केलं असं तो समजत होता. आणि त्यातली एक ओळ, अगदी एक शब्दसुद्धा, स्वतःच्या मुलीपर्यंत पोचणार नव्हता. तो पेन ड्राइव्ह खिशात घालून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मालन मागून आली. त्याच्या शेजारी उभी राहून दोरीवरचे कपडे काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने जुनी फाइल नव्या अक्षरांत बदलून देणारं एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. फाइल बदलली खरी, पण ठिकठिकाणी रफार सुटले होते आणि जोडाक्षरं फुटली होती. मनाली ऐकता ऐकता अडखळायची आणि विचारायची, "पप्पा, इथे 'अर्थ' आहे का?" तो एकेक पान दुरुस्त करायला बसला, पण दुरुस्ती करायची तर नवीन पद्धतीने टाइप करता यायला हवं.

"जुना कीबोर्ड तसाच ठेवून युनिकोड उमटवायची सोय आहे," मनाली म्हणाली. "तुम्हाला काही नवीन शिकावं लागणार नाही. पण तो कीबोर्ड मला येत नाही. मला इनस्क्रिप्ट नावाचा कीबोर्ड येतो. तो शिकलात तर मी शिकवू शकते."

सीतारामने कीबोर्ड पुढे ओढला. "शिकव," तो म्हणाला.

दुकान उघडायच्या आधी सकाळी शिकवणी सुरू झाली. मनाली त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची, त्याची बोटं धरून कळांवर ठेवायची. "हा उंचवटा लागला का डाव्या बोटाला? ती पहिली वेलांटी. उजव्या बोटाला उंचवटा आहे, तो 'र'. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. म, न, व तेवढे डावीकडे खाली. माझ्या नावातला फक्त 'ल' उजवीकडे आहे."

सगळ्यात अवघड गेली ती वेलांटी. टाइपरायटरच्या जुन्या सवयीने सीताराम 'कि' लिहिताना आधी वेलांटी मारायचा, मग 'क'. कागदावर वेलांटी आधी दिसते, म्हणून ती आधी. इथे मात्र तसं केलं की मशीन भलतंच वाचायचं.

"पप्पा, तोंडाने म्हणा आधी. 'कि'. पहिलं काय ऐकू आलं? 'क' ना? मग 'क' आधी. दिसतं तसं नाही लिहायचं, ऐकू येतं तसं लिहायचं."

"अगं, इतकी वर्षं दिसतं तसंच लिहिलं."

"मग आता माझ्यासारखं लिहा."

पहिले काही दिवस त्याची बोटं इतकी मंद चालत की बघवत नसे. दशावताराच्या हँडबिलासाठी आलेला गुणाजी समोर ताटकळला आणि शेवटी म्हणाला, "अरे सीतारामा, तुजी बोटां आज उपाशी आसत की काय?" सीतारामने गिऱ्हाइकांसाठी जुनी पद्धत चालू ठेवली आणि मनालीसाठी नवी. दोन्ही पद्धती डोक्यात एकमेकींच्या पायात पाय घालायच्या. एकदा तर त्याने एका नवरदेवाचं नाव असं काही छापलं की नवरदेव स्वतः भांडायला आला. 'चूक सापडत नाही' ही ख्याती त्या दिवशी पहिल्यांदा घसरली. सीतारामने पत्रिका नव्याने छापून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मनालीच्या स्टुलाशेजारी जाऊन बसला.

पावसाळा संपेपर्यंत हात बसला. गंधाली मॅडमची पुस्तिका पूर्ण झाली. ज्या दिवशी मनालीने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकली, त्या दिवशी ती जेवायलाही उठली नाही. मालन हाका मारून दमली. सीताराम दाराशी येऊन बघून गेला. कानात इअरफोन, मान जराशी तिरकी, मधेच थांबवून मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा ऐकत होती. आईला "परत वाच ना" म्हणायला तिला संकोच वाटायचा, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. सीतारामला ते तेव्हा कळलं. मग त्याने दुसरं पुस्तक घेतलं, मग तिसरं.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि साहित्यविचारात मनालीला जेमतेम मार्क पडले. घरात सगळ्यांनाच धक्का बसला. त्या विषयावर ती वर्गात तासभर बोलू शकत होती. तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि सीतारामसमोर ठेवली. "वाचा, पप्पा. मी काय लिहिलंय ते मला ऐकायचंय."

परीक्षेत मनाली सांगायची आणि लेखनिक लिहायची. नियमाप्रमाणे लेखनिक खालच्या वर्गातली लागते, म्हणून अकरावीतली तेजल आली होती. इंग्रजी माध्यमातली, गोड मुलगी, जीव तोडून लिहायची. सीताराम वाचायला लागला. 'कवितेचा आशय' होता तिथे 'कवितेचा आश्रय' झालं होतं. 'अनुभूती'ची 'अनुमती' झाली होती. मोठी वाक्यं मधेच तुटून त्यांची टोकं गायब होती. एका ठिकाणी तर नुसतं 'वगैरे' लिहून पुढचा प्रश्न घेतला होता. सीतारामचा आवाज हळूहळू उतरत गेला.

"थांबू नका," मनाली म्हणाली.

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मनालीने प्रत मागून घेतली आणि तिची घडी घातली. मग म्हणाली, "तेजलची काही चूक नाही. मी भरभर बोलते. पण हे माझं नाहीये, पप्पा. सर हे वाचून मला मार्क देतात, आणि ही मी नाहीच. मला माझं मी लिहायचंय. कॉम्प्युटरवर."

कॉलेजात परीक्षेचं सगळं देवव्रत सर बघायचे. माणूस वाईट नव्हता, पण नियमांना घाबरायचा. मनालीने विचारलं तेव्हा सर खुर्चीतच मागे सरकले. "अगं, नियमात आहे बहुतेक. पण आपल्याकडे आजपर्यंत कुणी मागितलंच नाही. आणि कॉम्प्युटर म्हटलं की इंटरनेट आलं, शब्दकोश आला, आता तर उत्तर लिहून देणारं एआय पण आलं. उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

"सर, नेट काढून टाका," मनाली म्हणाली. "शब्दकोश बंद करा. चूक झाली तर लाल रेघ पण नको. तुमच्या लॅबमधलाच कॉम्प्युटर द्या, माझा नको. फक्त वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, म्हणजे मी काय टाइप केलं ते मला ऐकू येईल. आणि शेजारी सुपरवायझर बसवा. हवं तर दोन बसवा."

सीताराम सोबत गेला होता. वाटेत त्याने बोलायची बरीच तयारी केली होती, मुलीच्या हक्काबद्दल, बाबासाहेबांनी शिक्षणाबद्दल सांगितलेल्या गोष्टींबद्दल. त्यातलं एक वाक्यही काढायची वेळ आली नाही. मनालीच बोलत होती आणि देवव्रत सर मान डोलावत लिहून घेत होते. गंधाली मॅडमनीही प्राचार्यांकडे शब्द टाकला. परवानगी आली.

परीक्षेच्या दिवशी सीतारामने दुकानाला कुलूप लावलं. लॅबच्या बाहेर बाक होता, त्यावर तो बसला. आत सुपरवायझरने प्रश्नपत्रिका मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. मग दार लोटलं गेलं आणि थोडा वेळ काहीच ऐकू येईना. सीताराम दाराकडे कान देऊन बसला. इअरफोनमध्ये आवाज येत नसेल का? मराठी आवाज टाकायचा राहिला असेल का?

मग कळा वाजायला लागल्या.

सीतारामने सगळं आयुष्य त्या आवाजात घालवलं होतं. आतलं काही दिसत नव्हतं, पण त्याच्या कानांना सगळं कळत होतं. ही एक ओळ संपली. आता ती थांबली, विचार करतेय. आता मागे गेली, एक शब्द खोडला, दुसरा घातला. आता लय लागली. कळांची लांब, न थांबणारी सर आली आणि सीताराम बाकावर सरळ होऊन बसला. कुणी सांगत नव्हतं, कुणी लिहून घेत नव्हतं. पोरगी सरळ डोक्यातलं पडद्यावर उतरवत होती. शेजारून जाणाऱ्या शिपायाने विचारलं, "काय काका, कुणाची वाट बघताय?"

"माझी मुलगी आहे आत. पेपर लिहितेय," सीताराम म्हणाला, आणि त्याला राहवलं नाही. "स्वतः लिहितेय."

वेळ संपली. देवव्रत सर पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसात गेले आणि थोड्याच वेळात घाम पुसत परत आले. हातात एक छापलेला कागद होता. "वाट लागली. सगळी जोडाक्षरं सुटलीत, वेलांट्या भलतीकडेच पडल्यात. आमचा ऑफिसातला कॉम्प्युटर जुना आहे हो." सीताराम उभा राहिला. हे तर त्याचंच काम होतं. पण सरांनी हात आडवा केला. "तायडे, तुम्ही नको. तुम्ही वडील. तुम्ही उत्तरपत्रिकेला हात लावलात की संपलं."

सीताराम जागच्या जागी थांबला. आतून मनालीचा आवाज आला. "सर, ऑफिसात नका उघडू फाइल. याच मशीनवर पीडीएफ करा आणि ती प्रिंटला द्या. मी सांगते, तुम्ही माऊस धरा." आणि ती सांगत गेली. कुठे जायचं, काय निवडायचं, नाव काय द्यायचं. देवव्रत सर "हां… हां… झालं… हे पण झालं" म्हणत होते. सीताराम दाराबाहेर पाठीमागे हात बांधून उभा होता. हात शिवशिवत होते, पण त्याला ते तसे बांधून ठेवण्यातही सुख वाटत होतं.

सर दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता, अक्षरं जागच्या जागी. "झकास आलंय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कुणी मागितलं तर मला आता भीती नाही. मी लिहून ठेवतो कसं करायचं ते."

निकालात मनाली वर्गात पहिली आली नाही, दुसरी आली. मालनने शेजारपाजारी पेढे वाटताना ते स्पष्ट सांगितलं, "दुसरी आलीय, पण एकटीने लिहून." गंधाली मॅडमनी मनालीला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि सीतारामच्या देखत म्हणाल्या, "मनाली, तीन वर्षं तुला शिकवतेय मी. तुझी वाक्यं इतकी लांब आणि इतकी सरळ असतात हे मला माहीतच नव्हतं गं." मनालीचा चेहरा लाल झाला. सीताराम भिंतीवरचा नकाशा वाचण्याचं नाटक करत राहिला.

मॅडमनी त्याच दिवशी कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम त्याच्या हवाली केलं. "यंदा युनिकोडमध्येच करा. छापील अंक निघेलच, पण फाइलही सगळ्यांना पाठवू."

"करतो मॅडम," सीताराम म्हणाला. "पण तपासायला मनाली हवी."

मॅडम जरा चपापल्या, मग म्हणाल्या, "हो, का नाही?"

बापलेक कामाला लागले. तो टाइप करायचा, ती ऐकायची. डोळ्यांच्या सवयीने तो ज्यावरून सरकून जायचा तिथे तिचे कान थांबायचे. "पप्पा, इथे 'आहे' दोनदा आलंय." "पप्पा, इथे 'पाणी' झालंय, पण हा माणूस बोलीत बोलतोय, तो 'पानी' म्हणेल, तसंच ठेवा." "पप्पा, हा लेख कुणाचा? ज्याच्या नावावर आहे त्याने हा लिहिलेलाच नाही. दोन परिच्छेद एकसारखे बोलतात, सगळी वाक्यं एकाच मापाची. मशीनने लिहून दिलाय." सीतारामने मॅडमना कळवलं. लेख देणाऱ्या मुलाला विचारलं तर त्याने कबूल केलं. त्याला पुन्हा लिहायला सांगितलं गेलं, आणि दुसऱ्यांदा आलेला लेख, चुकांसकट, त्याच्या चारकोपच्या आजोळाबद्दल होता आणि फार छान होता. मनालीने त्यातल्या चुका काढल्या, पण वाक्यं हलवू दिली नाहीत.

अंक निघाला. आतल्या पानावर 'अक्षरजुळणी : सीताराम तायडे' आणि त्याखाली 'मुद्रितशोधन : मनाली तायडे' असं छापलं होतं. मालन ते पान दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरांपासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना दाखवून आली.

आठवडाभराने दुकानात मनालीचा फोन वाजला. ती त्या दिवशी बापाबरोबर काउंटरवर बसली होती. तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे मुलुंडच्या कॉलेजातली रुक्मिणी नावाची मुलगी होती. तिलाही दिसत नव्हतं. कुणाकडून तरी तिच्या फोनवर त्या अंकाची फाइल आली होती.

"ताई, तुम्हीच मनाली तायडे ना? गंधाली मॅडमकडून नंबर घेतला. मी अख्खा अंक वाचला. पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत. कुणाला काही न विचारता! मराठीतलं असं कधी मिळतच नाही हो. कुणी टाइप केलंय एवढं स्वच्छ?"

समोर एक गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर घेऊन उभं होतं. सीतारामने त्याचा कागद ओढून घेतला आणि घाईघाईने टाइप करायला सुरुवात केली, जणू फोनकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"माझ्या पप्पांनी," मनाली म्हणाली. आणि मग जरा मोठ्या आवाजात, त्याला नीट ऐकू जावं म्हणून, "घाटकोपरला दुकान आहे आमचं. तुला कुठलं पुस्तक हवंय ते सांग. पप्पा करून देतील."

"कुठलंही?" रुक्मिणीने विचारलं.

मनालीने बापाच्या दिशेला चेहरा वळवला. कळांचा आवाज थांबला होता.

"कुठलंही," सीताराम म्हणाला.